माणसाची उत्क्रांती: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

हाडं, दात, डीएनए आणि आपले पूर्वज यावर कुठेही दोन शब्द बोलले की तेच ते पंधरा-वीस प्रश्न येतात. प्रश्न चांगले असतात पण उत्तरं प्रत्येक वेळी तुकड्यातुकड्यात दिली जातात, म्हणून एकदा सगळं एका ठिकाणी लिहून काढतेय. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयात इतकं काही बदललंय की शाळेत शिकलेलं बरंचसं आता जुनं झालंय, तेव्हा शाळेतली आठवण जरा बाजूला ठेवून वाचा.

माणूस माकडापासून आला हे खरं का?

आज दिसणाऱ्या कुठल्याच माकडापासून नाही. चिंपांझी आपला आजोबा नसून चुलत भाऊ आहे. दोघांचा खापरपणजोबा एकच, तो साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहत होता आणि त्याला आज बघितलं तर ना चिंपांझी म्हणता येईल ना माणूस. तिथून दोन घरं वेगळी झाली. लोक एक गोष्ट नेहमी विसरतात की तेवढीच लाखो वर्षं चिंपांझीही बदलत आलाय, आपण पुढे गेलो आणि तो तिथेच थांबून राहिला असं काही नाहीये.

मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?

कारण माणूस होणं हे कुणाचं ध्येय नव्हतंच, आपल्या पूर्वजांचंही नव्हतं. ज्याला जिथे जगायचंय तिथे जे उपयोगी पडतं ते टिकतं, बस.

आपला आणि चिंपांझीचा डीएनए ९९ टक्के सारखा आहे म्हणतात, ते?

अर्धं खरं. डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर समजा. जिथे दोघांचा डीएनए एकाखाली एक नीट मांडता येतो तिथे अक्षराला अक्षर लावून पाहिलं तर फरक १.२ टक्क्याच्या आसपास निघतो. ऐकायला किरकोळ वाटतं पण अक्षरं आहेत ३ अब्ज, त्यामुळे साडेतीन कोटी ठिकाणी फरक पडतो. शिवाय काही तुकडे एकाकडे आहेत आणि दुसऱ्याकडे नाहीत, काही उलटे बसलेत, काहींच्या नकलाच नकला झाल्यात, हे सगळं त्या ९९ मध्ये मोजलेलंच नाही. २०२५ मध्ये चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान वगैरेंचे जीनोम, म्हणजे त्यांचा सगळाच्या सगळा डीएनए, अगदी टोकापासून टोकापर्यंत वाचून झाले तेव्हा हे फरक पहिल्यांदा धड दिसले.

मला स्वतःला यातला सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो तो आपल्या दोन नंबरच्या क्रोमोझोमचा. क्रोमोझोम म्हणजे पेशीत डीएनए ज्यात गुंडाळून ठेवलेला असतो त्या गुंडाळ्या. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या मोठ्या बिनशेपटीच्या वानरांकडे क्रोमोझोमच्या २४ जोड्या, आपल्याकडे २३. मग एक जोडी गेली कुठे? कुठेच गेली नाही, दोन क्रोमोझोम टोकाला टोक लागून जोडले गेले. क्रोमोझोमच्या टोकांवर एक ठराविक नक्षी असते, बुटाच्या लेसच्या टोकावर प्लास्टिकची टोपी असते ना तशी, आणि आपल्या दोन नंबरच्या क्रोमोझोममध्ये ती नक्षी चक्क मधोमध सापडते, समोरासमोर तोंड करून. जोडाची शिवण अजून दिसते म्हणा ना.

ते वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंतचं रांगेतलं चित्र चुकीचं आहे का?

हो. आणि या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण बाकीचे अर्धे गैरसमज याच चित्रातून निघतात. आपली कधी रांग नव्हती, भावकी होती. एकाच वेळी अनेक प्रकारची माणसं आणि अर्धी-माणसं जगत होती, कधी शेजारी शेजारी.

केनियात तुर्काना सरोवराच्या काठावर कूबी फोरा इथे १५ लाख वर्षांपूर्वीच्या चिखलात पावलांचे ठसे मिळालेत, २०२४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच थरावर दोन वेगळ्या चालीचे ठसे. एक बहुतेक होमो इरेक्टसचे, म्हणजे आपल्याच होमो वंशातल्या एका जुन्या जातीचे, साधारण आपल्यासारखी चाल, आणि दुसरे बहुतेक पॅरान्थ्रोपस बॉइसीचे, म्हणजे मोठ्या दाढांची ती दुसरी शाखा. मधलं अंतर काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. म्हणजे एकाने दुसऱ्याला त्या काठावर बघितलेलं असणं सहज शक्य आहे.

आणि अगदी अलीकडे, ६०-७० हजार वर्षांपूर्वी या, तरी पृथ्वीवर किमान पाच प्रकारची माणसं होती: आपण, निअँडरथल (युरोप आणि पश्चिम आशियातली, आता नामशेष झालेली माणसं), डेनिसोव्हन (त्यांच्याबद्दल पुढे), इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरची बुटकी माणसं आणि फिलिपिन्समधले होमो लुझोनेन्सिस. आज आपण एकटेच उरलोय, आणि एकटेच असल्यामुळे आपल्याला वाटतं की पहिल्यापासून हे असंच होतं.

आधी मेंदू मोठा झाला की आधी दोन पायांवर चाललो?

आधी चाललो. आणि मध्ये थोडंथोडकं नाही, लाखो वर्षांचं अंतर आहे.

टांझानियात लेटोली नावाची जागा आहे, तिथे ३६.६ लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख पडली, वर पावसाचा हलका शिडकावा झाला आणि त्या ओल्या राखेवरून कुणीतरी चालत गेलं. राख सिमेंटसारखी घट्ट झाली. १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या टीमने ते ठसे उघडे केले. टाच आधी टेकलीये, वजन पायाच्या कडेने पुढे आलंय, अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत आहे, आणि राखेवर पावसाच्या थेंबांचे खळगेसुद्धा तसेच आहेत. मी त्या ठशांचा साचा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ तिथेच उभी होते, कारण हाड बघितलं की मेलेलं कुणी आठवतं पण पाऊल बघितलं की चालणारं कुणी दिसतं. त्या चालणाऱ्यांचा मेंदू मात्र चिंपांझीच्या मेंदूपेक्षा फारसा मोठा नव्हता.

हे मान्य करायला शास्त्रज्ञांना फार वेळ लागला. आधी बुद्धी आली आणि मग बाकीचं, अशी ठाम समजूत होती. १९१२ मध्ये इंग्लंडात पिल्टडाउनला मोठा मेंदू आणि वानराचा जबडा असलेली कवटी ‘सापडली’ ती सगळ्यांना हवी तशीच होती म्हणून चालून गेली, आणि १९२५ मध्ये रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतलं टाउंगचं खरंखुरं बाळ, म्हणजे एका लहानग्या पूर्वजाची कवटी, जगासमोर मांडलं, लहान मेंदूचं पण डोकं मणक्यावर सरळ तोललेलं, तर त्याकडे कित्येक वर्षं बहुतेकांनी पाठ फिरवली. १९५३ मध्ये उघड झालं की पिल्टडाउनची कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा आणि दात कानशीने घासलेले.

लुसी आपली आजी का?

कदाचित. लुसी म्हणजे एका मादीचा अश्मीभूत सांगाडा. ती १९७४ मध्ये इथिओपियात हदारला मिळाली, वय सुमारे ३२ लाख वर्षं, उंची जेमतेम एक मीटरच्या वर, सांगाड्याचा ४० टक्के भाग हाती आला. तिची जात म्हणजे ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिस ही आपल्या थेट पूर्वजांपैकी असावी असं बरेच जण मानतात. पण तिच्याच काळात, तिच्याच भागात आणखी एक जात होती. बुर्तेले नावाच्या जागी ३४ लाख वर्षांपूर्वीच्या एका पावलाची हाडं २००९ मध्ये मिळाली होती, त्याचा अंगठा फांदी पकडायला बाजूला वळलेला, लुसीच्या लोकांचा तसा नव्हता. हे पाऊल कुणाचं ते बरीच वर्षं कुणी ठामपणे सांगेना, २०२५ मध्ये ते ऑस्ट्रॅलोपिथेकस डेयिरेमेडा या जातीचं आहे असं मांडलं गेलं. त्याच वर्षी इथिओपियातच लेडी-गेरारूला २६ ते २८ लाख वर्षांपूर्वीचे १३ दात प्रसिद्ध झाले, त्यात काही आपल्या होमो वंशाचे आणि काही ऑस्ट्रॅलोपिथेकसचे, तेही लुसीच्या जातीशी न जुळणारे. त्यामुळे सख्खी आजी की चुलत आजी हे आज छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर त्याचं लगेच ऐकू नका.

आपण, म्हणजे होमो सेपियन्स, किती जुने?

पूर्वी पुस्तकात २ लाख वर्षं असायचं, आता साधारण ३ लाख म्हणतात. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदला १९६१ मध्ये खाणकामगारांना एक कवटी मिळाली होती, तिला आधी निअँडरथलसारखी आणि ४० हजार वर्षांची समजून बाजूला ठेवलेलं. झां-जाक हुब्लाँ यांच्या टीमने तिथे परत खोदलं, भाजलेल्या गारगोटीवरून वय काढलं आणि २०१७ मध्ये आकडा आला सुमारे ३ लाख १५ हजार वर्षं. चेहरा बराचसा आपला, डोकं मात्र मागे लांबट, अजून गोल झालेलं नाही. इथिओपियातल्या ओमोच्या कवट्यांचं वयही २०२२ मध्ये वाढून किमान २ लाख ३० हजारच्या आसपास गेलं. एक कवटी आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, दुसरी पूर्वेला, म्हणून आता बरेच संशोधक म्हणतात की आपलं जन्मगाव असं एकच शोधू नये, आफ्रिकाभर पसरलेल्या टोळ्या अधूनमधून एकमेकांत मिसळत आपण घडलो.

आपल्यात खरंच निअँडरथलचा डीएनए आहे?

हो. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत साधारण १ ते २ टक्के, आफ्रिकेतल्या लोकांतही थोडासा, कारण काही लोक नंतर परतही गेले. २०१० मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत स्वांते पेबो यांच्या टीमने निअँडरथल जीनोमचा पहिला मसुदा मांडला आणि आपण त्यांच्यात मिसळलो की नाही हा शंभर वर्षांचा वाद तिथेच मिटला. पेबोंना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

गंमत अशी की तुमच्याकडचा १-२ टक्का आणि माझ्याकडचा १-२ टक्का एकच नसतो, वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या घरात राहिलेत. सगळ्यांचे तुकडे गोळा करून जोडले तर निअँडरथल जीनोमचा निदान पाचवा हिस्सा अजून जिवंत माणसांत फिरतोय. नामशेष झाले म्हणतो आपण, पण अगदी सगळे गेले असं नाही म्हणता येत.

हे मिसळणं झालं कधी? २०२४ च्या शेवटी दोन अभ्यास आले, एक जर्मनीतल्या रानिस आणि चेकियातल्या झ्लाती कून इथल्या सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या जीनोमवरचा, दुसरा शेकडो जुन्या-नव्या जीनोमवरचा, आणि दोघांची उत्तरं जवळपास एकच: साधारण ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वीच्या एका लांबलचक काळात.

त्या वारशाचं बरंवाईट दोन्ही आहे. कोविडमध्ये आजार गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तीन नंबरच्या क्रोमोझोमवरचा एक तुकडा निअँडरथलांकडून आलाय हे २०२० मध्ये दिसलं, दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत तो आहे आणि युरोपात साधारण १६ टक्क्यांत. उलट बारा नंबरवरचा दुसरा एक निअँडरथल तुकडा त्याच आजारात थोडं संरक्षण देतो.

डेनिसोव्हन म्हणजे नक्की कोण?

यांची ओळख आधी डीएनएवरून पटली आणि चेहरा नंतर मिळाला, विज्ञानात असं पहिल्यांदाच झालं. सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत २००८ मध्ये करंगळीच्या टोकाचं एवढंसं हाड मिळालं, २०१० मध्ये त्याचा डीएनए वाचला तर तो ना आपला निघाला ना निअँडरथलांचा.

त्याच गुहेतली ‘डेनी’ मला सगळ्यात जवळची. गुहेतले हाडांचे दोन हजारांहून जास्त तुकडे असे होते की ते हरणाचे, तरसाचे की माणसाचे हे नुसतं बघून सांगताच येत नव्हतं. सामान्था ब्राउन या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेने एकेका तुकड्याचा कण घेऊन त्यातलं कोलॅजेन प्रोटीन तपासत बसण्याचं काम केलं, आणि त्या ढिगात अडीच सेंटीमीटरही न भरणारा एक तुकडा माणसाचा निघाला. २०१८ मध्ये त्याचा डीएनए प्रसिद्ध झाला. ती किमान तेरा वर्षांची मुलगी होती, ९० हजार वर्षांपूर्वीची, आणि तिची आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन. दोन जातींच्या मिसळण्यावर आकडेमोड करणारे लोक बसलेले असताना थेट त्यांची लेकच हातात आली.

चेहऱ्याची गोष्ट पुढे आली. तिबेटच्या पठारावर एका बौद्ध भिक्षूला १९८० मध्ये मिळालेला जबडा डेनिसोव्हन असल्याचं २०१९ मध्ये प्रोटीनवरून कळलं, वय किमान १ लाख ६० हजार वर्षं. तैवानजवळच्या समुद्रतळातून मच्छीमारांच्या जाळ्यात आलेला जबडाही २०२५ मध्ये त्यांचाच निघाला. आणि हार्बिनची कवटी, जी सांगतात त्याप्रमाणे १९३३ मध्ये पुलाच्या कामावरच्या एका मजुराने विहिरीत लपवली आणि मरायच्या आधी घरच्यांना सांगितलं, तिला २०२१ मध्ये होमो लोंगी असं नवं नाव दिलेलं. २०२५ मध्ये फू च्याओमेई यांच्या टीमने तिच्या दातावरच्या किटणातून डीएनए काढला आणि ती डेनिसोव्हन ठरली. हाडातून आणि दातातून मिळेना तो डीएनए किटणात टिकून राहिला होता!

पापुआ न्यू गिनीतल्या लोकांत त्यांचा वाटा ३ ते ५ टक्क्यांपर्यंत आहे. तिबेटी लोकांना विरळ हवेत त्रास कमी होतो त्यामागचा ईपीएएस१ या जीनचा (जनुकाचा) खास प्रकारही डेनिसोव्हनांसारख्याच कुणाकडून आलाय.

इतक्या जुन्या हाडातून डीएनए निघतो कसा?

मुश्किलीने. तो तुटून त्याचे बारीक तुकडे झालेले असतात, आणि त्यातही बहुतेक डीएनए नंतर हाडात शिरलेल्या बॅक्टेरियाचा असतो. जुन्या डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांना एक ठराविक खराबी होते, सी हे अक्षर टी असं वाचलं जातं, आणि हीच खराबी कामाला येते कारण परवा हाताळणाऱ्याचा डीएनए चिकटला असेल तर त्यात ती नसते. हाड कोणतं घ्यायचं याचंही तंत्र आहे, कानाच्या आतल्या भागाभोवतीचं ते दगडासारखं घट्ट हाड सगळ्यात चांगलं. २०१७ पासून तर हाडाशिवाय, गुहेतल्या मातीतूनच डीएनए काढतात.

पण याला मर्यादा आहे. माणसाच्या वंशातला सगळ्यात जुना डीएनए स्पेनमधल्या सिमा दे लोस उएसोस या गुहेतला, ४ लाख ३० हजार वर्षांचा. त्याहून मागे जायचं तर प्रोटीनकडे वळावं लागतं. दाताच्या इनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कडक आवरणात, प्रोटीन फार काळ टिकतं, आणि २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पॅरान्थ्रोपस रोबस्टसच्या चार दातांतून, २० लाख वर्षांपूर्वीच्या, ते वाचलं गेलं. दोन नर, दोन माद्या. त्यातला एक आकाराने लहान म्हणून मादीचा समजला जात होता तो नराचा निघाला, म्हणजे नुसत्या आकारावरून नर-मादी ठरवलेली जुनी यादी परत तपासायला हवी.

हाडाचं वय कार्बन डेटिंगने काढतात ना?

५० हजार वर्षांच्या आतलं असेल तरच, त्यापुढे मोजण्याइतका कार्बन उरतच नाही. लाखो वर्षांचं असेल तर हाडाच्या वरच्या-खालच्या ज्वालामुखीच्या राखेचं वय तिच्यातल्या आर्गॉन वायूवरून काढतात, गुहा असेल तर चुन्याच्या थरांचं युरेनियमवरून.

होमो नालेदी आपल्या मेलेल्यांना पुरायचे हे सिद्ध झालंय का?

नाही. दावा आहे, वाद चालू आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत २०१३ मध्ये हे सापडले, जेमतेम वीस सेंटीमीटरच्या फटीतून आत उतरू शकतील अशा सहा सडपातळ संशोधिका खाली गेल्या आणि किमान १५ जणांची दीड हजारांहून जास्त हाडं वर आली. मेंदू आपल्या निम्म्याहून लहान, वय मात्र फक्त २ लाख ३६ हजार ते ३ लाख ३५ हजार वर्षं, म्हणजे पहिले होमो सेपियन्स होते तेव्हा हेही होते. २०२३ मध्ये हे शोधणाऱ्या ली बर्गर यांच्या टीमने दफनाचा दावा केला, अनेक जाणकारांना पुरावा तोकडा वाटला. इतक्या आत ती प्रेतं गेली कशी हा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मला झोपू देत नाही.

उत्क्रांती आता थांबलीये का?

बिलकुल नाही. मोठेपणी दूध पचवता येणं हे गेल्या दहा हजार वर्षांतलं आहे, आणि युरोपात व आफ्रिकेत ते वेगवेगळ्या म्युटेशनमुळे, म्हणजे डीएनएतल्या बदलांमुळे, स्वतंत्रपणे आलं. आग्नेय आशियातल्या बजाऊ लोकांची प्लीहा (पोटातला रक्त साठवून ठेवणारा अवयव) शेजारच्या लोकांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी असते, पिढ्यानपिढ्या श्वास रोखून समुद्रात बुड्या मारणारे लोक ते, आणि त्यामागचा जीन २०१८ मध्ये सापडला. अक्कलदाढ काही जणांना येतच नाही तेही बघा.

मग जीवशास्त्राच्या दृष्टीने माणसांच्या वेगवेगळ्या ‘रेस’ (गोरे, काळे असे वंश) आहेत का?

नाहीत. माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी साधारण ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो, हे १९७२ पासून माहीत आहे आणि नंतरच्या मोजण्यांनी ते टिकलंय. कातडीचा रंग सूर्याच्या अतिनील किरणांशी जोडलेला आहे, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) वाचवणं आणि ड जीवनसत्त्व बनवणं यांच्यातली ती तडजोड, तो बुद्धीबद्दल काही म्हणजे काहीच सांगत नाही. याच विषयातल्या लोकांनी एकेकाळी कवट्या मोजून माणसांची उतरंड लावली, त्यातून भयानक गोष्टी झाल्या, म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जैविक मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही चूक कबूल करणारं निवेदन काढलं. उशीर झाला, पण केलं ते बरं केलं.

हाडांवर हक्क कुणाचा?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. अमेरिकेत केनेविकला १९९६ मध्ये जवळपास ९ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला, तिथल्या आदिवासी जमाती म्हणत होत्या आमचा पूर्वज आहे, त्याला परत मातीत जाऊ द्या, आणि शास्त्रज्ञ कोर्टात गेले. २०१५ मध्ये डीएनएने सांगितलं की जमातींचं बरोबर होतं, २०१७ मध्ये त्याला पुरलं. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली: आधी विचारा, खरं सांगा, मान ठेवा, आणि निष्कर्ष आम्हाला परत येऊन कळवा. लोकांचं रक्त आणि पूर्वजांची हाडं घेऊन निघून जायचे दिवस संपायलाच हवेत.

नवीन शोधाची बातमी आली की किती विश्वास ठेवायचा?

पहिल्यांदा बघा हातात नक्की काय आहे, दात की आख्खा सांगाडा, डीएनए की नुसता आकार. मग वय कशावरून काढलंय ते बघा. उदाहरण देते. चीनमधल्या युनशियानची चेपलेली कवटी, वय सुमारे १० लाख वर्षं, २०२५ मध्ये कॉम्प्युटरवर सरळ करून परत बांधली आणि त्यावरून म्हटलं गेलं की आपली शाखा १० लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. डीएनएवरून येणारा आकडा मात्र याहून बराच अलीकडचा आहे. कवटीचा आकार महत्त्वाचा आहेच, काम मेहनतीचं आहे, पण चेपलेलं हाड सरळ करताना माणसाचा अंदाज त्यात शिरतो. उद्या तिच्या दातातून प्रोटीन निघालं तर मी हे उत्तर बदलीन, तोवर ते ‘कदाचित’च्या खणात आहे.